पाचवीचा कागद

खोलीला एक दार, एक खिडकी आणि खिडकीच्या वर, स्लॅबला लागून, एक झरोका होता. एक लोखंडी खाट. खाटेखाली पत्र्याची शेगडी, शेगडीत बावीस निखारे. कोनाड्यात काढ्याची एक बाटली, तेलाची एक वाटी, वेखंडाचा एक तुकडा. भिंतीशी पाटा, पाट्यावर सुपारी, हळकुंड, एक पेन आणि एक कोरा कागद. माणसं चार : खाटेवर आत्या, तिच्या कुशीत सहा दिवसांचं बाळ, पायाशी मी, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात उकिडवी बसलेली एक बाई.

"कांचन," आत्या हळूच म्हणाली, "कोपऱ्यात किती जणी आहेत गं?"

"एक."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. बाईला कडा नव्हत्या. हळदीच्या पाण्यात बुडवून काढलेल्या लुगड्यासारखा रंग तेवढा दिसत होता. चेहऱ्याकडे बघायला गेलं की चेहरा बाजूला सरकायचा.

"एकच."

"मला दोन दिसतात." तिनं डोळे मिटले. "असू दे. तू लहान आहेस, तुला निम्म्या दिसत असतील."

मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला मोजायची खोड होती. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या पोळ्या, रस्त्यावरचे विजेचे खांब. वडील धरणाच्या वसाहतीत कालवा निरीक्षक होते आणि संध्याकाळी वहीत पाण्याची पातळी लिहायचे. मोजलं की गोष्ट खरी होते, असं मी त्यांच्याकडे बघून धरून चालले होते.

त्या वर्षी आम्हाला नवं क्वार्टर मिळालं होतं, चौदा नंबरचं. स्लॅबचं छत, काचेच्या खिडक्या, फट म्हणून कुठे नाही. उज्ज्वलाआत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा वडिलांनी मागची खोली तिला दिली. डिसेंबर होता आणि धरणावरून येणारा वारा हाडात शिरायचा. गावच्या कौलारू घरात बाळंतिणीच्या खाटेखाली गोवऱ्यांचा विस्तव ठेवायचे आणि धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. इथे तसं नको, म्हणून वडिलांनी इस्त्रीवाल्याकडून अर्धं पोतं लाकडी कोळसा आणला.

"धूर नाही, काजळी नाही. राणीसारखी राहा," ते म्हणाले होते.

बाळंतीण एकटी सोडायची नसते. माझ्या शाळेला सुट्टी होती, त्यामुळे दुपारी बारा ते पाच ती जबाबदारी माझी. आई मागची कामं उरकायची आणि जाताना दार घट्ट ओढून घ्यायची.

आदल्याच दिवशी पाचवी झाली होती. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. म्हणून पाट्यावर कागद आणि पेन ठेवायचं. ती कुणाला दिसत नाही, आणि तिनं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही.

"कागद अजून कोराच आहे," आत्या म्हणाली. "म्हणून थांबली असेल का गं ती?"

"तिला पेन चालत नसेल."

आत्या हसली. मग कपाळ दाबत म्हणाली, "माझं डोकं फुटतंय. तुझं?"

माझंही दुखत होतं. कपाळाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं. कानात पंपहाऊससारखी घुंघुं चालली होती आणि मांडीवरच्या पुस्तकातली अक्षरं एकेक करून ओळ सोडून जात होती. भीती मात्र वाटत नव्हती. भ्यायला जेवढी ताकद लागते तेवढी अंगात नव्हती. बाळ निजलं होतं. ते सारखं निजलेलंच असायचं.

आई चहा घेऊन आली. दार उघडं राहिलं, गार झोत आत आला, आणि थोड्या वेळानं मी कोपऱ्याकडे बघितलं तर तिथे झाडू होता.

"कुणाशी बोलत होतात?" आईनं विचारलं.

आत्यानं सांगून टाकलं. ती तशीच होती, पोटात काही ठेवायची नाही.

आईनं कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि ही?"

"तिलाही दिसते. एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई आली. ती रोज आत्याला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची. वसाहतीतल्या निम्म्या पोरांची डोकी तिनं चोळून गोल केली होती. आईनं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गयाबाईनं खोलीत येऊन चारही बाजूंनी वास घेतल्यासारखं केलं आणि वर झरोक्याकडे बोट दाखवलं.

"ह्ये बगा. इथनं वारं येतंय. वारं लागलंय पोरीला."

आमच्याकडे वाऱ्यालाही वारं म्हणतात आणि बाहेरच्या बाधेलाही वारंच म्हणतात.

"आता काय करायचं?" आई म्हणाली.

"काय करायचं म्हंजे? बंद करायचं. वारं गेलं की समदं गेलं."

तिनं स्टुलावर चढून झरोक्यात जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबल्या. खिडकीच्या फटीत कागद बसवले. खाटेखाली एकीच्या जागी दोन शेगड्या आल्या. त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंगाची धुरी. दाराच्या बाहेरून पोतं लावलं.

मी मोजलं. त्या दुपारी कोपऱ्यात दोघी होत्या.

"मला आता मोजता येत नाहीत," आत्या म्हणाली. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "दाटीवाटीनं बसल्यात. बाळाकडेच बघतात."

"काही म्हणतात का?"

"काही नाही. नुसत्या दमल्यासारख्या बसतात. माझ्यासारख्याच."

सकाळी न्हाणं झालं की गयाबाई आत्याला अर्धा तास अंगणात कोवळ्या उन्हात बसवायची. तिथे आत्या निराळीच असायची. केस मोकळे सोडून पेरू मागायची. गयाबाई पेरू द्यायची नाही, बाळंतिणीला पेरू चालत नाही म्हणून. मग आत्या म्हणायची, "गयाबाई, तुमच्या राज्यात कायपण चालत नाही, नुसती शेगडी चालते." बाळही उन्हात आलं की हातपाय झाडून भोकाड पसरायचं.

"भाईर आणलं की रडतंय बगा," गयाबाई म्हणायची. "आत कसं गुणी असतंय. आवाज म्हनून न्हाई."

दहाव्या दिवशी मी तिला माझं निरीक्षण सांगितलं. "गयाबाई, त्या अंगणात येत नाहीत. आणि सकाळी आत गेलं की लगेच पण येत नाहीत. पुस्तकाची चार पानं झाली की येतात."

"उन्हात कशा येतील, बाई? सावलीच्या जीव त्या."

"पण ओट्यावर सावली आहे. तिथं पण येत नाहीत."

"लई बोलतीस तू," गयाबाई म्हणाली. तिनं आईकडे बघितलं आणि आईनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

आई माझ्यापुढे खाली बसली. तिचे हात पिठाचे होते, ते तिनं माझ्या अंगाला न लावता हवेत धरले होते.

"कांचन, परवा बारसं आहे. आत्याच्या सासूबाई येणार. तुला काही दिसलं, कुणी होतं, असलं कुणापुढे बोलायचं नाही."

"पण होत्या ना."

"नव्हत्या. मुलीच्या जातीला एकदा असं नाव पडलं की पुसत नाही. आत्याचं काय व्हायचं ते होईल. तुझं होऊ देणार नाही मी. कळलं?"

मला एवढंच कळलं की आई घाबरली आहे आणि तिला माझ्याकडून एक आकडा हवा आहे.

आत्याच्या सासूबाईंना सगळे नानी म्हणायचे. उंच, सावळ्या, हातात सोन्याच्या दोन पाटल्या. त्या वाईट नव्हत्या. येताना आत्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या आणि ओट्यावर बसून स्वतः पाळण्याला झेंडूच्या माळा बांधत होत्या. बारा वाजता बाळाला आणायला त्या खोलीत गेल्या. दार सकाळी नऊपासून लावलेलं होतं. मी त्यांच्या मागोमाग आत शिरले.

आत्या उठून बसली. तिचे डोळे उघडे होते, पण बघणं कुठे टेकत नव्हतं.

"नानी, जपून या," ती म्हणाली. "त्यांच्यावर पाय पडेल."

"कुणावर?"

"त्याच हो. बसल्यात बघा." तिनं बाळाला उचललं, उभी राहिली, आणि तिच्या पायांतलं सगळं बळ एकदम गेलं. ती गुडघ्यांवर आली. बाळाच्या दुपट्याचं टोक शेगडीवर पडलं आणि पेटलं. नानींनी बाळाला ओढून घेतलं, टोक मुठीत विझवलं. त्यांच्या तळहाताला फोड आला. बाळाला काही झालं नाही. ते रडलंही नाही.

मग सगळे अंगणात होते. आत्याला दोघींनी धरून सतरंजीवर आणून टेकवलं होतं. पाळणा रिकामा होता. बाळ नानींच्या खांद्यावर होतं आणि आता रडायला लागलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?" नानींनी विचारलं.

आई सतरंजीचा कोपरा सरळ करत राहिली.

"बाळंतवात झालाय पोरीला, आणि तुम्ही कळवलंही नाही. हिच्याजवळ पोर ठेवू? आज विस्तवात टाकत होती, उद्या विहिरीत टाकेल."

"नानी, मला वात झालेला नाही." आत्याचा आवाज साफ होता. अंगणात पाच मिनिटं झाली होती. "मला दिसतं ते मी सांगते. मी एकटी असते तर मीही म्हटलं असतं, डोकं फिरलंय. पण कांचनला विचारा. ती मोजते. ती खोटं मोजत नाही."

नानी माझ्यासमोर वाकल्या. त्यांनी खरोखर विचारलं. त्यांना उत्तर हवं होतं, हे मला आजही आठवतं.

"ये बाळा. खरं सांगायचं, कुणी रागावणार नाही. खोलीत तुम्ही किती जण असायचात?"

आईनं मागून माझ्या झग्याची कॉलर नीट केली.

"तीन," मी म्हटलं. "आत्या, बाळ आणि मी."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. ती रागावली नाही.

"निम्म्यासुद्धा नाहीत?" ती म्हणाली.

संध्याकाळच्या जीपनं नानी बाळाला घेऊन गेल्या. बारसं तिकडेच झालं. नाव हृषीकेश ठेवल्याचं आम्हाला पत्रानं कळलं.

बाळ नाही म्हटल्यावर शेगडीची गरज उरली नाही. आत्याची खाट ओट्यावर आणली. तिसऱ्या दिवशी तिची डोकेदुखी गेली, चौथ्या दिवशी ती जेवायला लागली, आणि त्या बाया तिला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. हे वडिलांनी मोठ्या आनंदानं सासरी कळवलं. तिकडे त्याचा अर्थ वेगळा लागला. बाळ गेलं आणि बाया गेल्या, म्हणजे बाळ जवळ आलं की बाया येणार. एका दिवसात दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि सगळ्यांनी एकच मोजली. दोन वर्षांनी फारकत झाली.

आत्या आमच्याकडे राहिली. ओट्यावर शिवणयंत्र टाकून वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज शिवू लागली. हृषीकेश तिला लग्नाकार्यात भेटतो. उंच झालाय, नानींसारखा. तो तिला 'तुम्ही' म्हणतो.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि बॉयलर असलेल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात सुरक्षा अधिकाऱ्यांनी खिशाला लावायचं एक पिवळं यंत्र दिलं. कोळसा अर्धवट जळला की जो वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही आणि धूरही नाही. नाव कार्बन मोनॉक्साइड. हवेच्या दहा लाख भागांत तो पस्तीस भाग झाला की यंत्र ओरडतं. शंभर झाला की आम्ही जागा सोडतो. बॉयलरजवळच्या भिंतीवर लक्षणांची यादी लावली होती, ती मी उभ्या उभ्या वाचली. डोकेदुखी. कानात आवाज. पायांतलं बळ जाणं. गुंगी. नसलेलं दिसणं. यादीत सहा ओळी होत्या. पाच मला माहीत होत्या. सहावी मृत्यू होती.

मी यादीसमोर बराच वेळ उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पाठ करताय काय?"

डिसेंबर येईपर्यंत मी घरी काही बोलले नाही. वसाहत तोपर्यंत रिकामी झाली होती. वडील निवृत्त होऊन आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. मी आत्याला म्हटलं, "चौदा नंबरला जायचंय. एक काम आहे." तिनं चष्मा काढून ठेवला, मशीनवर कापड टाकलं आणि का ते न विचारता निघाली. सोळा वर्षांत तिनं कशालाच 'का' विचारायचं सोडून दिलं होतं. निघताना तेवढी ट्रंकेतली एक पिशवी बरोबर घेतली.

चौकीदारानं किल्ली दिली. "काय हाय तिथं आता? पाखरंबी न्हाईत," तो म्हणाला.

खोली तशीच होती. खिडकीची एक काच फुटली होती, तिथे मी पुठ्ठा चिकटवला. झरोक्यात अजून चिंधी होती. आत्यानं मान वर करून ती बघितली.

"गयाबाईनं कोंबली तीच," ती म्हणाली. "बिचारी. स्टुलावर चढताना गुडघे किती दुखायचे तिचे."

मी शेगडी आणि कोळसे बरोबर आणले होते. पेटवायचं काम तिनं घेतलं. अंगणात फुंकून फुंकून निखारे लाल केले, पदराचा बोळा करून शेगडी आत नेली, चिमट्यानं सारखे केले.

"किती हवेत?"

"बावीस."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि दोन काढले, एक परत टाकला, पुन्हा मोजले. मी चार विटा रचून यंत्र खाटेच्या उंचीवर ठेवलं, आकडा खिडकीतून दिसेल असा. यंत्राच्या पडद्यावर पाऊण वाजल्याचं दिसत होतं. आम्ही बाहेर आलो. दार ओढताना ती थांबली.

"मी बसते आत."

"आत्या, नाही."

"थोडा वेळ. येतात का बघते."

"नाही म्हटलं ना."

"एवढं काय? आधी चौदा दिवस बसलेच होते."

"बारा," मी म्हटलं. "बारा दिवस. चल, ओट्यावर बस."

ती बसली. मी दर पाच मिनिटांनी काचेशी जाऊन आकडा बघत होते आणि वहीत लिहीत होते. पहिल्या पाच मिनिटांत सतरा. मग अठ्ठेचाळीस. आत यंत्र ओरडायला लागलं. काचेपलीकडून तो आवाज रातकिड्यासारखा येत होता. मी तिला सगळं सांगितलं : वायू, रक्त, स्लॅब, चिंधी, धूर नसलेला चांगला कोळसा. ती ओट्याच्या फरशीवरची माती नखानं काढत होती.

"म्हणजे वारं लागलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"वारंच लागलं नव्हतं."

"आणि त्या बाया? नव्हत्याच?"

"मला माहीत नाही. मी फक्त हवा मोजतेय."

धरणावरून वारा येत होता. तिनं पदर कानावरून घेतला.

"आत्या, मी त्या दिवशी तीन म्हटलं. तीन नव्हते. झरोका बुजवल्यापासून पाच असायचे."

"माहितीये गं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? वहिनीनं तुझी कॉलर नीट केली तेव्हाच कळलं मला. आठ वर्षांचं पोर तू. तुझ्या आईला एकच होतीस." तिनं नखातली माती पुसली. "मलाही एकच होता."

मी उठून काचेशी गेले. परत आले तेव्हा तिच्या मांडीवर ती पिशवी उघडी होती. तिनं आतून घडी घातलेला एक कागद काढला. घड्या पिवळ्या पडल्या होत्या, एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता. पाट्यावरचा कागद. नानींनी बाळ नेलं, दुपटी नेली, वाळा नेला. हा राहून गेला होता.

"हृषीकेशचा आहे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात त्याच्या चुलतबहिणीचं लग्न आहे. तेव्हा देईन त्याला. कोरा कसा देऊ? तुला जे सापडलं ते लिही यावर."

"यावर?"

"सोळा वर्षं ठेवलाय. लिही. अक्षर नीट काढ, वाचता आलं पाहिजे."

मी काचेतून शेवटचा आकडा बघितला, ओट्यावर मांडी घातली, कागद वहीवर ठेवला आणि लिहिलं :

'क्वार्टर नंबर चौदा, मागची खोली. दहा फूट बाय दहा फूट. दार, खिडकी, झरोका बंद. शेगडी एक, निखारे बावीस. खोलीत माणसं शून्य. पंचेचाळीस मिनिटांनी कार्बन मोनॉक्साइड : दहा लाखांत चारशे बारा.'